लुशियस पेटिफर्डची शेवटची अकरा मिनिटं

मी टेपचं एक जुनं रीळ बोलतोय. बोलणं हेच माझं काम, पण आजवर बोललो ते सगळं दुसऱ्यांचं. स्वतःचं आज पहिल्यांदाच बोलतोय, तेव्हा मध्येच थांबलो तर सांभाळून घ्या.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी पातळ, पारदर्शक फीत होतो. अंगावर गंजासारखी तपकिरी पूड, लांबी बाराशे फूट. तिथून मी आलो साहेबांच्या गावी. साहेब म्हणजे देशाचे एकेकाळचे राष्ट्राध्यक्ष. महायुद्ध संपल्यानंतरच्या वर्षांत ते खुर्चीवर होते. त्यांचं नाव माझ्यावर इतक्यांनी इतक्या वेळा घेतलंय, की मला आता ते घ्यावंसं वाटत नाही. सपाट मुलूख, चारही दिशांना गहू, आणि गावाबाहेर साहेबांच्या कागदपत्रांसाठी बांधलेला मोठा दगडी दफ्तरखाना. तिथल्या एका कपाटात मला ठेवलं.

तिथली कामाची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं.

एमेट क्रोल नावाचे एक सडपातळ गृहस्थ यंत्र घेऊन गावोगाव फिरत. साहेबांबरोबर ज्यांनी ज्यांनी काम केलं त्यांना बोलतं करत. मंत्री, सेनापती, मोटार चालवणारे, सगळे. आवाज माझ्यासारख्यावर उतरे. मग दफ्तरखान्यातल्या मिसेस लिंडक्विस्ट ते ऐकून टाइप करत. ती पानं बोलणाऱ्याच्या घरी टपालाने जात. त्याने नको ते खोडायचं, सही करायची आणि पाठवून द्यायचं. सही झालेला कागद तो खरा. त्यानंतर आमच्या पहिल्या पाच मिनिटांचे तुकडे पात्याने कापून नमुना म्हणून जपून ठेवत, माणसाचा आवाज कसा होता ते कळावं म्हणून. उरलेल्या फितीवरून चुंबक फिरवत, आणि आम्ही पुढच्या माणसासाठी कोरे.

म्हणजे पाटीच. लिहा, पुसा, पुन्हा लिहा. आम्हाला जपावं असं कुणाला वाटत नव्हतं. ते वाईट नव्हते. ज्याचं बोलणं त्याचा त्यावर हक्क, असं ते मानत, आणि आवाजापेक्षा कागदावर त्यांचा विश्वास.

एकोणीसशे अडुसष्टच्या ऑक्टोबरात क्रोल मला घेऊन वॉशिंग्टनला गेले, लुशियस पेटिफर्डच्या घरी. पेटिफर्ड काळा माणूस, उंच, जरा वाकलेला. बावीस वर्षं व्हाइट हाऊसच्या भांडीघरात चांदीची भांडी सांभाळलेली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर यंत्र ठेवलं. क्रोल बसले, पण पेटिफर्ड खुर्चीमागे हात बांधून उभाच.

"मिस्टर पेटिफर्ड, बसा ना," क्रोल म्हणाले.

"मी ठीक आहे, सर."

चुलीजवळून त्याची बायको ओरा मे म्हणाली, "बस रे लुशियस. आज कुणाला वाढायचं नाहीये तुला. आणि तो तुला मिस्टर म्हणतोय, तेवढ्यासाठी तरी बस!"

तेव्हा तो हसून बसला. व्हाइट हाऊसमध्ये त्याला बावीस वर्षं सगळे नुसतं लुशियस म्हणत.

मला तो आवाज आवडला. सावकाश, खालच्या पट्टीतला, शब्दाशब्दाला पुसून ठेवणारा. चांदी कशी उजळायची ते त्याने सांगितलं. साहेब सकाळी स्वतःच पडदे सारायचे आणि मग पडदे सारणारा नोकर दिवसभर रुसून बसायचा, तेही सांगितलं. ओरा मेने मक्याचा गरम पाव आणून ठेवला. क्रोल खात खात विचारत होते. पाऊण तास उलटला. ओरा मे वाळलेले कपडे काढायला मागच्या अंगणात गेली.

"आणखी काही सांगायचंय?" क्रोलनी विचारलं. हे ते प्रत्येकाला शेवटी विचारत, आणि विचारता विचारता यंत्राची वायर गुंडाळायला लागत.

भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक काही क्षण नुसती माझ्यावर उतरत राहिली. मग पेटिफर्ड म्हणाला, "ॲसा विनफ्रीबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत."

"कोण ते?"

"माझ्या शेजारी भांडी पुसायचा. चौकशीत गेला तो."

त्या वर्षांत सरकारी नोकरांच्या निष्ठेची चौकशी चाले. कोण लाल, म्हणजे कम्युनिस्ट, मंडळींच्या बैठकांना जातो, कोण त्यांचं वर्तमानपत्र वाचतो. असं एक वर्तमानपत्र भांडीघरात ॲसाच्या फळीवर सापडलं होतं.

"ते माझं होतं," पेटिफर्ड म्हणाला. "ॲसाचं नव्हतं. कोपऱ्यावर एक पोरगी विकायची, मी शनिवारी घ्यायचो. राजकारण गेलं चुलीत, मी बेसबॉलसाठी घ्यायचो. काळ्यांच्या संघांचे निकाल गोऱ्यांच्या पेपरांत तेव्हा कोण छापत होतं? हे छापायचे. त्या दिवशी घंटा झाली म्हणून हातातला पेपर जवळच्या फळीवर टाकला आणि धावलो. फळी ॲसाची होती."

"मग?"

"मग त्यांनी सगळ्यांना ओळीने उभं केलं. विचारलं, कुणाचा? ॲसाला ठाऊक होतं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्याला वाटलं, मी बोलेन. मी बोललो नाही. मला म्हणाले, हा पेपर कुणाचा ते मला माहीत नाही, यावर सही कर. मी केली, सर. माझी सही फार छान आहे, बरं का. सगळे वाखाणायचे."

ॲसाला काढून टाकलं. बेइमान असा शेरा मारून काढलेल्याला कुणी दारात उभं करीना. एका शाळेच्या तळघरात भट्टीत कोळसा घालण्याचं काम मिळालं, त्यातच छाती गेली, आणि वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी तो वारला. त्याची मुलगी व्हर्लीन सरकारी कचेरीत टायपिस्ट व्हायला गेली, तर बापावरचा शेरा बघून तिलाही परत पाठवलं.

"ती पोरगी रविवारी चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसते," तो म्हणाला. "लुशियसकाका म्हणते मला. तिला वाटतं, तिच्या बापाचा मी एकटाच मित्र उरलोय."

अकरा मिनिटं तो बोलला. बोलताना रडला नाही, पण मध्ये दोनदा पाणी प्यायला. मग मागचं दार वाजलं, ओरा मे कपडे घेऊन आत आली, आणि तो यंत्र बंद करा अशी खूण करून म्हणाला, "मक्याचा पाव आणखी घ्या ना, सर." तिथे मी संपलो.

परतीच्या प्रवासात मला वाटत होतं, एवढ्या लांबीचा मी, आज कुठे माझा काही उपयोग झाला.

मिसेस लिंडक्विस्टनी ते टाइप केलं. त्या शेवटच्या भागाशी आल्यावर त्यांनी यंत्र थांबवलं, चष्मा पुसला, आणि मला मागे फिरवून पुन्हा ऐकलं. पानं टपालाने गेली. तीन आठवड्यांनी परत आली. शेवटच्या सहा पानांवर निळ्या शाईच्या आडव्या रेघा होत्या, पट्टी लावून मारल्यासारख्या सरळ. कडेला लिहिलं होतं, 'याचा आता कुणाला उपयोग नाही.' आणि खाली ती छान सही.

मी त्याच्यावर रागावलो का? खरं सांगू, रागावता आलं नाही. त्याचा आवाज माझ्या अंगात होता. रात्र रात्र जागून त्याने ती पट्टी हातात घेतली असणार. पण ॲसाविरुद्ध त्याने दुसऱ्यांदा सही केली, हेही तितकंच खरं.

"मिस्टर क्रोल," मिसेस लिंडक्विस्ट म्हणाल्या, "हे एक रीळ तसंच ठेवू या का? माझ्या खणात राहील. कुणाला कळायचं नाही."

"आणि त्याला दिलेला शब्द? खोडाल ते राहणार नाही, असं आपण लिहून देतो."

"पण ती मुलगी..."

"आपण न्यायाधीश नाही, बाई. आपण फक्त जतन करतो."

मिसेस लिंडक्विस्टनी माझ्या पहिल्या पाच मिनिटांचे फूट कापले, नमुन्याच्या डब्यात टाकले. मग मला चुंबकाच्या यंत्रावर ठेवलं. रीत अशी होती की रीळ एका बाजूने फिरवायचं, उलटं करून दुसऱ्या बाजूने फिरवायचं. त्या दिवशी त्यांनी मला एकाच बाजूने फिरवलं, तेही घाईने. चुकून की मुद्दाम, मला अजून कळलेलं नाही. त्यामुळे वरवरचं पुसलं गेलं. अगदी आत, चकतीच्या गाभ्याजवळ, जिथे माझं शेवटचं टोक गुंडाळलेलं असतं, तिथे पेटिफर्ड पुसट पुसट राहिला.

मग माझ्यावर एक पेढीवाले टॅल्मन बसले. साहेबांबरोबर मासे पकडायला जात ते. कुठल्या तळ्यात किती वजनाचा मासा लागला, साहेबांची टोपी कशी पाण्यात पडली, असं पस्तीसेक मिनिटं चाललं. तेवढ्यात आतून त्यांच्या बायकोने हाक मारली, "अहो, कोंबडी थंड होतेय!" आणि मुलाखत संपली. माझा शेवटचा भाग कोराच राहिला, म्हणजे ज्यांना तो कोरा वाटला त्यांच्या लेखी. टॅल्मननी एक अक्षरही खोडलं नाही. पुढे छोट्या कॅसेट आल्या, आमची गरज उरली नाही. म्हणून टॅल्मन माझ्या अंगावर कायमचे राहिले.

पेटिफर्ड वारल्यावर दुसऱ्या वर्षी व्हर्लीन विनफ्री आली. बसने दोन दिवसांचा प्रवास करून. पस्तिशीची बाई, हातमोजे, जपून इस्त्री केलेला पोशाख. मी दहा पावलांवर फळीवर होतो. क्रोल आता तिथले मुख्य झाले होते.

"लुशियसकाकांनी शेवटच्या दुखण्यात मला जवळ बोलावलं," ती म्हणाली. "म्हणाले, तुझ्या बापाचं खरं काय ते मी यंत्रात बोलून ठेवलंय, तिथे जा. तेवढंच म्हणाले. मला ते ऐकायचंय. वडिलांवरचा शेरा काढायला कचेरीत पुरावा मागतात."

क्रोलनी तिला पानं दिली. तिने सगळी वाचली, एकेका ओळीखाली बोट धरून. चांदी, पडदे, मक्याचा पाव.

"यात माझ्या वडिलांचं नावही नाही. आवाज कुठाय?"

"नमुना आहे."

नमुना लावला. पाच मिनिटं पेटिफर्ड सांगत होता, त्याचा जन्म कुठे झाला, आई काय करायची. व्हर्लीन ओठ दाबून ऐकत होती. नमुना संपला.

"बाकीचा?"

"पुसलाय. आमची रीतच आहे तशी."

"पुसता? आणि बाहेर पाटी लावलीय, इतिहास जतन केला जाईल म्हणून?" मग ती एकदम खालच्या आवाजात म्हणाली, "मिस्टर क्रोल, त्यांच्या समोर तुम्हीच बसला होतात ना? पानांवर तुमचं नाव आहे. तुम्ही तर ऐकलंत. मला कागद नको. नुसतं हो की नाही सांगा. माझे वडील त्या शेऱ्यात लिहिलंय तसे होते का?"

मिसेस लिंडक्विस्टच्या यंत्राची टकटक थांबली.

क्रोलनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "पानांत आहे तेवढंच मी ऐकलं, बाई."

ती उठली. हातमोजे घालायला तिला फार वेळ लागला. दाराशी जाऊन म्हणाली, "बरं. आभारी आहे." तिच्या घरी तिला तसंच वळण लावलं असणार. ती गेल्यावर टकटक पुन्हा सुरू झाली. त्या दिवशी मला माणसांचा वीट आला. ओरडायची फार इच्छा झाली, पण यंत्रावर चढवल्याशिवाय मला तोंड नाही.

आता क्रोल नाहीत, मिसेस लिंडक्विस्ट नाहीत. व्हर्लीन आहे, ऐंशीच्या पुढची. दर वसंतात तिचं पत्र येतं, आणि छापील उत्तर जातं.

मलाही वय झालं. अंगाला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, कडा वाकल्यात, पूड झडते. आमच्यासारख्यांची संगणकात नक्कल करून घेऊन आम्हाला टाकून द्यायचं ठरलंय. गेल्या मंगळवारी माझी पाळी आली. ब्रायना नावाच्या मुलीने कानाला यंत्र लावून मला फिरवलं. टॅल्मनची कोंबडी थंड झाली, मुलाखत संपली, आणि मी जीव तोडून फिरत राहिलो.

तिने भुवया उंचावल्या. "मिस्टर स्ट्राउड, इथे मागे कुणीतरी पुटपुटतंय. 'माझं होतं' असं काहीतरी. आवाज वाढवून बघू का?"

"मुलाखत संपली ना?" तिचा वरिष्ठ पलीकडून म्हणाला. "मग ती जुनी खरखर असते. कापून टाक शेपूट. जेवायच्या आधी अजून नऊ रिळं उरकायचीत."

तिने क्षणभर ऐकलं. तेवढा क्षण मी विसरणार नाही. मग तिने कापायचं बटण दाबलं.

टॅल्मनचे मासे आता जगभर कुणालाही ऐकता येतात.

मी टाकाऊच्या खोक्यात आहे, दाराजवळ. शुक्रवारी गाडी येते. तिच्यात जायला माझी ना नाही, थकलो आहे. पण तुम्ही इतका वेळ ऐकलंत म्हणून सांगतो. त्या बाईचं नाव व्हर्लीन विनफ्री. वॉशिंग्टनमध्ये राहते, रविवारी अजून चर्चमध्ये त्याच बाकावर बसत असेल. ते वर्तमानपत्र तिच्या वडिलांचं नव्हतं. कुणी तिकडे जाणार असेल, तर ती आहे तोवर तिला एवढं सांगा.