खंडेनवमीचे वर्कस्टेशन

मेघाने बंद फोन कानाला लावला आणि ती कँटीनच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. "हो, हो, बोला ना," असे दोनदा म्हणाली. पलीकडे कोणी नव्हते. खाली टूलरूममध्ये झांज वाजत होती, धूप जिन्यापर्यंत आला होता, आणि आरती संपेपर्यंत तिला हा फोन पुरवायचा होता. सहा वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्या खंडेनवमीला, खरोखरच घरून फोन आला होता. पुढच्या प्रत्येक वर्षी तो तिने स्वतःच आणवला.

वाळूजच्या त्या कारखान्यात अ‍ॅल्युमिनियमच्या सुट्या भागांसाठी पोलादी साचे बनत. वर्षातून एकदा तिथली यंत्रे निजत. लेथ, मिलिंग, ग्राइंडर पुसून लख्ख केले जात, त्यांना हळदकुंकू लागे, झेंडूची माळ पडे, आणि मग दुसरा दिवस उलटेपर्यंत त्यांना कोणी हात लावत नसे. मेघाला त्यात काही वावगे वाटत नव्हते. फक्त ते तिच्या घरातले नव्हते. तिच्या आईने, मालनबाईंनी, लेकींना हात जोडायला शिकवले ते बुद्धासमोर आणि बाबासाहेबांसमोर. हे लोकांना सांगायला काही हरकत नव्हती. पण पहिल्या वर्षी राहून गेले, दुसऱ्या वर्षी जमले नाही, आणि त्यानंतर सांगायचे म्हटले तर इतके दिवस का सांगितले नाही, तेही सांगणे आले. मग फोनच बरा होता.

झांज थांबल्यावर ती खाली आली. डिझाइनच्या खोलीत तिच्या टेबलावर झेंडूचे एक फूल ठेवलेले होते, आणि टेबलाखालचे वर्कस्टेशन गप्प होते.

ते काळे, जाडजूड यंत्र काल दुपारपासून घुमत होते. वितळलेले अ‍ॅल्युमिनियम साच्यात शिरते आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत साचा भरतो. तेवढ्या वेळात ते कुठून कसे वाहील, हे काढायला, म्हणजे एक रन पुरा करायला, या यंत्राला बावीस तास लागत. साधा संगणक त्याच्या वाटेलाही गेला नसता. बावीसपैकी तीनच तास उरले होते.

"हे कोणी बंद केलं?"

दारात कडुबा उभे होते. टूलरूमचे सर्वांत जुने फिटर, रोज लासूर स्टेशनहून येणारे. हातात प्रसादाचा खोबऱ्याचा तुकडा होता.

"म्या केलं, ताई. चालू मशीनला फूल कसं वाह्यचं? पयले ऐकंनाच. बटन दाबून धरलं, तवा निजलं."

"त्याच्यावर माझा रन चालू होता, काका. कालपासून."

रन म्हणजे काय ते कडुबांना नीट ठाऊक नव्हते. पण तिचा चेहरा पाहून त्यांनी खोबरे खिशात घातले.

हा साचा मेघाचा पहिला होता, स्वतःच्या डोक्याने काढलेला. धातू आत सोडायचे तोंड आजवर सगळे उजवीकडून घेत. तिने ते डावीकडून घेतले होते. मालक आप्पासाहेबांनी ऐकून घेतले, आणि वर म्हणाले होते, "संगणकात खरं करून दाखव. दसरा झाला की गिऱ्हाईक येतंय. नाही दाखवलंस तर जुन्या पद्धतीनं कापायला घेतो." एकदा पोलाद कापायला घेतले की तिचा साचा संपला.

आप्पासाहेब आले तेच तापून. "तीस वर्षं झाली इथं, आणि कुठल्या मशीनला हात लावावा एवढं कळंना का?" सगळ्यांसमोर ते कडुबांना बोलले. कडुबा मान खाली घालून उभे राहिले. रन चालू असताना मधले काम जपून ठेवायची सोय होती. डिस्क भरते म्हणून ती मेघानेच बंद ठेवली होती. हे तिने कोणाला सांगितले नाही.

तिने रन पुन्हा पहिल्यापासून लावला. तो दसऱ्याला सकाळी दहाला संपणार होता. सुट्टीच्या दिवशी वीज हमखास जायची, आणि बॅटरीवर ते यंत्र जेमतेम दहा मिनिटे तग धरायचे. रात्री जनरेटर लावायला वॉचमन होता. सकाळी कोणी नव्हते.

"सकाळी म्या बसतो," कडुबा म्हणाले.

"उद्या दसरा आहे, काका."

"मला म्हाईत हाय."

दुसऱ्या दिवशी मेघा निघाली तेव्हा मालनबाई पांढरे लुगडे नेसून केव्हाच्या तयार होत्या. बारा वाजता दोघींना धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी बुद्धलेणीवर जायचे होते.

"आजच्या दिवशी बी कंपनी?" मालनबाई म्हणाल्या. "ते मशीन तुला पगार देतं, का तू त्याला?"

"तासाभरात येते, आई."

कडुबा नवाकोरा सदरा घालून तिच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसले होते. तिची खुर्ची त्यांनी मोकळी ठेवली होती.

"दोनदा लाईट गेली," ते म्हणाले. "दोन्ही टायमाला जनरेटर लावलं. ह्यो गडी बंद पडला नाय."

दहा वाजून काही मिनिटांनी रन संपला. पडद्यावर साचा निळ्या रंगाने भरत गेला, सरळ, शहाण्यासारखा, आणि शेवटी वरच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका राहिला. मेघाने साचा फिरवून पाहिला, आडवा कापून पाहिला, उभा कापून पाहिला. ठिपका जागचा हलला नाही.

"लाल म्हंजी वाईट?"

"तिथं हवा अडकते, काका. त्या भागाला छिद्र राहणार. माझं तोंड चुकलं."

कडुबांनी स्टूल पडद्याजवळ ओढले.

"मंग असं करा. आप्पासायबांना सांगा, रन झालाच नाय. लाईट गेली, अन् म्या जनरेटर लावाया उशीर केला. काल बोलणी खाल्लीच हायेत, आजून चार खातो. तवर तुम्ही गुपचूप सुधरून घ्या."

मेघा लगेच नाही म्हणाली असे नाही. तिने विचार केला, चांगला दोन-तीन मिनिटे केला. गिऱ्हाईक थांबले असते, साचा वाचला असता, आणि कडुबांचे नाव तर कालच खराब झाले होते. मग ज्या गोष्टीचा कालपासून राग होता, ती तिने विचारली.

"काका, बंद करायच्या आधी मला हाक का नाही मारलीत? मी वरच तर होते."

"आलतो की. जिन्यापोत्तर आलतो."

"मग?"

कडुबांनी गुडघ्यावरची नसलेली धूळ झटकली.

"तुमचा फोन दरसाल आरतीलाच येतो, ताई. म्हनलं, हाक मारली तर पूजेला चला म्हनावं लागंल, अन् तुम्हाला आजून एक खोटं बोलावं लागंल. म्हनून तुमच्या टेबलाला म्या कुनाला हात लावू देत नाय. हळदकुकू नाय, नारळ नाय. नुसतं फूल. त्ये बी मीच ठिवतो."

मेघाला फार लाज वाटली. आणि लाजेच्या आत कुठेतरी तिला बरेही वाटले.

"आम्ही बौद्ध आहोत, काका," ती म्हणाली. "म्हणून मी पूजेला थांबत नाही."

"व्हय," कडुबा म्हणाले. लासूरची गाडी आली म्हटल्यावर म्हणावे तसेच.

तिने आप्पासाहेबांना मेल लिहिली. रन पूर्ण झाला, वरच्या कोपऱ्यात हवा अडकते, माझे तोंड चुकले. मग खाली आणखी लिहिले: काल मशीन बंद झाले, तो दोष कडुबांचा नाही. मी बौद्ध आहे, पूजेला थांबत नाही, आणि कोणाला न सांगता निघून जाते; म्हणून बंद करू नका म्हणायला जागेवर नव्हते. मधले काम जपायची सोयही मीच बंद ठेवली होती. पाठवण्याआधी तिने ते कडुबांना वाचून दाखवले.

"ते माझं लिवायची काय गरज व्हती?"

"होती."

मेल गेली.

"चला, निघा आता," कडुबा म्हणाले. "आज तुमचा बी सण. लेणीवर लई गर्दी आसती, आईला ऊन लई तापायच्या आत घेऊन जा."

मेघाने पर्स उचलली. कडुबा टेबलाखाली वाकले, बटणापर्यंत बोट नेले आणि तसेच थांबले.

"ताई," त्यांनी विचारले, "बंद करू का?"