कोरी चादर आणि चकित झालेली मुलं

मी चादर. दोन पांढऱ्या चादरी मधोमध जोडून केलेली, म्हणून माझ्या अंगावर वरपासून खालपर्यंत एक शिवण आहे. शाळेच्या सिनेमा मंडळात मला पडदा म्हणतात. म्हणोत बापडे. पण एक गंमत आधीच सांगते, मी आजवर एकही सिनेमा पाहिलेला नाही. सिनेमा पडतो माझ्या अंगावर, तो मला कसा दिसणार? मला दिसतात ती समोरची तोंडं. कुणाचा घास अडकला, कुणाचा डोळा भरला, कुणी हळूच जांभई गिळली, सगळं.

गिरणीतलं काही आठवण्यासारखं नाही. तिथे आम्ही सगळ्या एकसारख्याच. खरा जन्म झाला भाषेच्या सरांच्या घरी. सर कपाटातून आम्हाला दोघींना काढू लागले, तशी त्यांची वहिनी आडवी आली.

"भावजी, दोन्ही नेताय? उद्या कुणी मुक्कामाला आलं तर वर्तमानपत्रावर निजवू का त्याला?"

"वहिनी, शाळा पडदा देत नाही हो."

"पडदा देत नाही, मग सिनेमाचं खूळ तरी कशाला देते?"

तोंडाने अशी करवादत होती आणि हाताने माझी शिवण घालत होती. अशी ती बाई.

दर शुक्रवारी शेवटच्या तासाला मला विज्ञानाच्या खोलीत टांगायचे. खिडक्यांना काळा कागद लावायचे. सर कुठल्या कुठल्या देशांतले सिनेमे आणायचे. बोलणं कुणालाच कळायचं नाही. खाली अक्षरं पळायची, ती वाचावीत तर चित्र निसटायचं. माझ्या अंगावरून एवढी अक्षरं गेली, पण एक ओळखीचं झालं नाही.

सिनेमा संपला की दिवा लागायचा, आणि सर एकच विचारायचे, "काय दिसलं?" आवडलं का, असं नाही. कुणी फोनवर वाचलेलं घडाघडा म्हणू लागलं, तर म्हणायचे, "ते फोनला दिसलं. तुझ्या डोळ्यांना काय दिसलं ते लिही. परीक्षण म्हणजे तेवढंच."

इस्त्रीवाल्याची लेक या मंडळात होती. मला घरी नेऊन बापाकडून कडक करून आणायची. "बाबा, शिवणीवर जोर द्या हो, नाहीतर पडद्यावरच्या माणसांची नाकं दुभंगतात." बाप हसायचा आणि शिवण दोनदा दाबायचा.

एकदा कुठल्याशा नावाड्याचा सिनेमा लावला होता. मागच्या बाकावरचा लंबू म्हणाला, "सर, यात मारामारी कधी आहे?"

"झाली की. तू घोरत होतास."

"मग परत लावा ना!"

हशा विरला तशी इस्त्रीवाल्याची लेक उठली. "सर, नावाडी रडत होता, तेव्हा त्याची बायको शेगडी पुसत बसली होती. तिचं आधीच रडून झालं असेल."

सर प्रोजेक्टर सोडून तिच्या बाकापाशी आले. मग म्हणाले, "हेच लिही. यात एक शब्द वाढवू नकोस." त्या वेळचं सरांचं तोंड मी पाहिलंय. पुन्हा तसं पाहायला मिळालं नाही.

पुढे मोठ्या बाईंच्या मनात आलं की शाळेवरच एक सिनेमा काढावा, नव्या पालकांना दाखवायला. कॅमेरावाला भर दुपारी आला. उजेड हवा म्हणून त्याने खिडक्यांचे कागद काढायला लावले. प्रोजेक्टर बंदच. मला टांगलं, समोर मुलं बसवली आणि तो ओरडला, "आश्चर्य वाटू द्या, आश्चर्य! तोंडं उघडा!" माझ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. तरी खोलीभर पोरांनी कोऱ्या चादरीकडे बघून आ वासला. मला मेलीला लाज वाटली.

तो सिनेमा तयार झाल्यावर माझ्यावरच दाखवला. मंडळाने त्यावर परीक्षणं लिहायची आणि सगळ्यात चांगलं समारंभात पालकांसमोर वाचायचं, असं ठरलं. इस्त्रीवाल्याच्या लेकीने लिहिलेलं सरांनी वर्गात मोठ्याने वाचलं. "आम्ही सिनेमा बघतोय असं यात दाखवलंय. पण चादर कोरी होती. स्वतःचं तोंड मी पहिल्यांदाच एवढं मोठं पाहिलं. खोटं बोलताना ते असं दिसतं, हे मला माहीत नव्हतं."

लंबूसुद्धा हसला नाही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई त्या खोलीत आल्या. आवाज कसा, साखर घोळलेला.

"सर, हे पालकांसमोर वाचायचं?"

"बाई, तिला दिसलं ते तिने लिहिलं."

"मग तिला नीट बघायला शिकवा. तुमची नेमणूक दरवर्षी माझ्याच सहीने पुढे जाते ना? मी कधी आडवी आले?"

सरांचा भाऊ अंथरुणाला खिळलेला. घरात मिळवता हात एकच. मी त्याच घरातली, मी सरांना काय बोलू?

सरांनी पोरीला एकटीला बोलावलं. माझी घडी घालता घालता म्हणाले, "दुसरं लिहून दे."

"काय लिहू?"

"छान होता, असं."

"तुम्हाला छान वाटला, सर?"

सरांनी घडी उलगडली आणि पुन्हा घातली. पोरगी गेली.

समारंभात माझ्या पुढ्यात उभं राहून तिने वाचलं, "आमच्या शाळेचा सिनेमा अतिशय सुंदर आणि प्रेरणादायी आहे." टाळ्या पडल्या, बक्षीस मिळालं. पहिल्या रांगेत तिचा बाप होता, डोळे पुसत होता. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक!

मंडळ बंद पडलं असेल असं तुम्हाला वाटेल. नाही हो, जोरात चालू आहे. मोठ्या बाई पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला आणतात. सरांची नेमणूकही पुढे गेली. अजून शुक्रवारी कुठल्या तरी देशातली माणसं माझ्या अंगावर रडतात, हसतात, मरतात. अंधार आहे तोवर पोरांची तोंडं अजून खरी असतात, इस्त्रीवाल्याच्या लेकीचंसुद्धा.

मग दिवा लागतो. सर विचारतात, "काय दिसलं?" आणि सगळी पोरं, अगदी सगळी, बोलायच्या आधी सरांच्या तोंडाकडे बघतात, त्यांना काय हवंय ते शोधत. सर खिडकीकडे बघतात.

मला फाडून पुसणी करा, काही म्हणणं नाही. तेवढं होईपर्यंत एक करा. सिनेमा संपला की दिवा लावायच्या आधी मला उतरवत जा.