ओल्या लाकडातली वाळवी

स्क्रू ड्रायव्हर दाराच्या चौकटीत मुठीपर्यंत घुसला आणि वाळवीवाल्याने नाक मुरडलं. बावीस वर्षं औषध मारण्यात गेली होती, तरी रंगाच्या पापुद्र्यामागची ती पांढुरकी वळवळ पाहिली की त्याला शिसारी यायचीच.

"ही जमिनीतली, दादा. मातीच्या नळ्या करत वर चढते. लाकूड खाते आणि आत चिखल भरून ठेवते."

दादा म्हणजे त्याचा सख्खा थोरला भाऊ. त्याने बोलावलं होतं ते याच कामासाठी. एरवी दोन वर्षांत येणं-जाणं नव्हतं.

कपाटाखाली खसखशीसारखे दाणे सांडले होते. वहिनी म्हणाली, "रोज झाडते मी. भुसा आहे ना हा?"

"भुसा कसला, विष्ठा आहे. ही कोरड्या लाकडातली. हिला ना माती लागते, ना पाणी. भोकं पाडून औषध भरलं की कपाट वाचेल."

वहिनीने शी करून हात झटकले.

"मागची खोली राहिली," तो म्हणाला.

"तिथं काय बघायचंय?" दादा घाईघाईने म्हणाला. "अण्णा झोपलेत."

धाकट्याने तरी दार ढकललं. वासाने डोळ्यांत पाणीच आलं. अर्धांगाने पडून असलेले वडील भिंतीकडे तोंड करून निजले होते. खाटेचा पाय त्याने अंगठ्याने दाबला, तर तो भिजल्या पावासारखा आत गेला. आत पिवळट, लठ्ठ किडे स्वतःच्याच घाणीत लडबडले होते.

"ही तिसरीच जात. सुक्या लाकडाला तोंडही लावत नाही. लाकूड महिनोन्‌महिने ओलं राहावं लागतं."

"छत गळत असेल," दादा म्हणाला.

छत ठणठणीत कोरडं होतं. गादीखाली हात घातला, तो ओला झाला.

"असा काय बघतोस?" दादा उसळला. "किती वेळा अंथरूण बदलायचं माणसानं? तू आलास एकदा तरी?"

तो आला नव्हता. मघाची शिसारी आता त्याच्याच अंगावर उलटली.

त्याने पाणी गरम करून मागितलं. अण्णांना पुसलं, पाठीवरच्या जखमा धुतल्या, स्वतःचा जादा शर्ट चढवला.

"नको रे," अण्णा अडखळत म्हणाले, "वास येतो."

"येऊ दे."

त्याने त्यांना पाठीवर घेतलं.

"अरे, आणि वाळवीचं काय?" दादाने विचारलं.

"खाट जाळून टाक."

अंगणातून गाडीपर्यंत जाताना अण्णांनी मान कशीबशी दुसरीकडे वळवून धरली होती. आपला श्वास लेकाच्या तोंडावर जाऊ नये म्हणून.