चिमटीत मावेल एवढं

कृपादान मास्तरांना काही केल्या बसवत नव्हतं. खाटेवर टेकत, लगेच उठत, दारापर्यंत जाऊन रस्त्याकडं बघत, आणि फिरून मोबाईल उचलत. मोबाईल गप्प होता. पण दुपारी त्यातून आलेला दयाचा आवाज कानातून जात नव्हता.

"अहो, उद्या येताना थर्मासात चहा आणा. आल्याचा. दोनच घोट. ग्रेसला न्हाई सांगायचं."

"आणतो," मास्तर म्हणून गेले होते. अडतीस वर्षांच्या संसारात या बाईनं स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं. आता मागितलं, तर दोन घोट चहा. नाही कसं म्हणणार?

नगरच्या दवाखान्यात दयाच्या आतड्याचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते. लेक ग्रेस तिच्यापाशी होती. डॉक्टरांनी ग्रेसला बजावलं होतं, वारा सरेपर्यंत तोंडानं काही द्यायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. म्हणून इकडं कोल्हारात रोज संध्याकाळी मास्तरांच्या घरी प्रार्थनेची मंडळी जमत. वयानं मोठे भिमाजी डोळे मिटून घनगंभीर आवाजात म्हणत, "हे प्रभू, आमच्या दयाबाईचा वारा सरू दे." बायका पदराआड हसत, आणि त्याच पदरानं डोळे पुसत.

आमेन झालं की सगळ्यांची नजर कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीकडं जायची. त्यात दयाचे चार गोल्डफिश. बालवाडीची नोकरी संपल्यावर रिकामं घर खायला उठतं म्हणून तिनं ते आणले होते. सकाळी दाणे टाकताना ती आपल्याशीच गुणगुणायची,

काचंच्या तळ्यामंदी सोनियाची चार बाळं
चिमटीत मावे त्यांची सकाळ-संध्याकाळ

दवाखान्यात जातानाही तेवढंच सांगून गेली होती, "सकाळी एक चिमूट. बास."

पण घरची बाई खाटेवर पडलेली आणि तिची बाळं काचेला तोंड लावून उभी, हे कुणाला बघवणार? जाणारा प्रत्येक जण दयाबाईच्या नावानं एक चिमूट टाकून जायचा. भिमाजींची चिमूट म्हणजे निम्मी ओंजळ. शेजारच्या कडूबाई दोन वेळा भाकरीचा चुरा घालायच्या. आणि मास्तर? त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. ते ताटावर बसत, देवाचे आभार मानत, आणि उठून माशांना घालत. कुणाच्या तरी पोटात जातंय, एवढंच बरं वाटायचं.

आज संध्याकाळी पेटीतलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं दिसत होतं. चारही मासे वर आले होते, पाण्याच्या कडेला तोंडं लावून उघडझाप करत होते.

"भुकेजलेत," मास्तर पुटपुटले, आणि त्यांनी आणखी एक चिमूट टाकली.

सकाळी चहाचं आधण ठेवून ते पेटीपाशी आले, तर एक मासा आडवा होऊन तरंगत होता.

मासा तो मासा, त्याचा दयाशी काय संबंध, असं त्यांनी स्वतःला दटावलं; आयुष्यभर पोरांना शकुन-अपशकुन मानू नका म्हणून सांगितलं होतं. तरी त्यांनी गॅस बंद केला आणि एका पायात स्वतःची, दुसऱ्यात दयाची चप्पल घालून ते चौकात रुपालीच्या दुकानी गेले. ही त्यांच्याच हाताखाली पाढे शिकलेली पोर, आता पक्षी-मासे विकत होती.

"किती घालता, गुरुजी?"

"सकाळी. मग दुपारी. संध्याकाळी मंडळी येतात, ती..."

"मंडळी?"

मास्तरांनी सगळं सांगितलं. रुपालीनं कपाळावर हात मारला. "चार माशांवर अख्खी पंगत बसवलीत की!"

"अगं, पण वर येऊन तोंडं उघडत होते. मागत होते."

"मागत नव्हते, गुदमरले होते. उरलेलं तळाला कुजलं, पाणी नासलं. वर येऊन हवा खात होते बिचारे, अन् तुम्ही त्यात अजून घातलं!" ती नळी गुंडाळता गुंडाळता बोलत होती. "माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं. दोन मिनिटांत संपेल तेवढंच घालायचं. ह्या नळीनं तळाची घाण ओढा. तिसरा हिस्सा पाणी काढा, काल भरून ठेवलेलं घाला, ताजं नळाचं नको. अन् आज-उद्या काही म्हणजे काही घालू नका."

"दोन दिवस उपाशी?"

"उपासानं नाही मरत मासा. पाहुणचारानं मरतो."

मास्तरांनी मेलेला मासा कढीपत्त्याच्या बुंध्याशी पुरला. नळीनं घाण ओढली, बादलीतलं कालचं पाणी हलक्या हातानं सोडलं. मग चहा उकळला, कारण शब्द दिला होता. थर्मास भरला, झाकण आवळलं, पिशवीत घातला. एसटीला अजून वेळ होता. ते पेटीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत राहिले.

इतक्यात कडूबाई आल्या, मुठीत चुरा घेऊन.

मास्तर पेटीसमोर आडवे आले. "नका घालू."

"अगं बया! मुक्या जीवाच्या तोंडचा घास काढता व्हय, मास्तर?"

"त्यांचं पोट बंद ठेवलंय, कडूबाई. आत्ता घातलं तर मरतील."

बोलून गेले, आणि आपलेच शब्द ऐकून थबकले. नजर पिशवीकडं गेली. दोन घोट. दोन घोटांनी काय होतंय, असं कालपासून ते स्वतःला समजावत होते. एका चिमटीनं काय होतंय, असंच तर प्रत्येकानं म्हटलं होतं.

त्यांनी थर्मास काढला, चहा कपात ओतला आणि कडूबाईंपुढं धरला.

"ह्यो कुनासाठी केल्ता?"

"तुमच्यासाठीच."

"म्हातारपनी खोटं बोलाया लागले." कडूबाईंनी फुर्रकन घोट घेतला. "आलं लई घातलंय."

दुपारी नगरला पोचले तेव्हा ग्रेस खाली औषधं आणायला गेली होती. दयाचे ओठ सुकून भेगाळले होते. नवऱ्याला बघताच तिची नजर पिशवीवर गेली.

"आणला?"

मास्तरांनी मान हलवली. नाही.

"अडतीस वर्षांत एकदा मागितलं..." तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. सलाईनच्या बाटलीतून थेंब गळत होते. मास्तर स्टुलावर बसत होते, उठत होते.

"वारा?" त्यांनी हळूच विचारलं.

"न्हाई अजून." मग भिंतीकडूनच आवाज आला, "माझी बाळं बरी हाएत ना? चारी?"

हो म्हणणं सोपं होतं. मास्तरांनी गळ्यापाशी आलेलं हो गिळलं. "तीन."

दया वळली. "कशानं गेला?"

"खाऊन," मास्तर म्हणाले. "मंडळींनी घातलं, मी घातलं. तोंड उघडायचा, मला वाटायचं भूक लागली."

ती त्यांच्याकडं बघत राहिली. मग रिकाम्या पिशवीकडं. डोळ्याच्या कडेनं एक थेंब निघून उशीत जिरला.

"आता काय घातलंय त्यास्नी?"

"काही नाही. आजही नाही, उद्याही नाही."

"बरं केलं," ती म्हणाली. मग तिनं भेगाळलेले ओठ विलग केले.

मास्तरांनी वाटीतल्या पाण्यात कापसाचा बोळा भिजवला, नर्सनं ग्रेसला दाखवलं होतं तसा घट्ट पिळला, आणि चिमटीत धरून तिच्या ओठांवरून फिरवला.