संध्याकाळी सातपर्यंत

आमच्या रत्नदीपने दारू सोडली, हे वाक्य मी आयुष्यात नऊ वेळा बोललो आहे. दर वेळी एक जानेवारीलाच. आणि दर वेळी पंधरा-वीस दिवसांत मला पोशीरच्या रस्त्याने खाली मान घालून चालावं लागलं आहे. रत्नदीप माझा भाचा, थोरल्या बहिणीचा मुलगा. बहीण गेल्यापासून त्याला आईच्या जागी मी, बापाच्या जागी मी आणि मामा तर मी होतोच, असं मी समजत आलो. त्याला काय वाटतं हे मी कधी विचारलं नव्हतं.

मी भिवपुरीच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं काढली. तिथे मीटरचा काटा जिथे हवा तिथे असलाच पाहिजे, जरा हलला की धावपळ. निवृत्त झाल्यावर तीच शिस्त मी आमच्या वाडीला लावायला निघालो. बुद्धविहाराच्या समितीचा सचिव मी. संध्याकाळी ठीक सातला वंदना सुरू करणारा मी. पुढे बसून पंचशील देणारा तर नोकरीत असल्यापासून, तीस वर्षं, मीच. मी एकेक ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी माझ्या मागून म्हणायची, अशी आमची रीत.

रत्नदीपच्या नऊ शपथाही मीच दिलेल्या. एक तारखेला भीमा कोरेगावला मानवंदना देऊन आमची बस परत आली की त्याला विहारात उभं करायचं, सगळ्या वाडीसमोर हात पुढे करायला लावायचा आणि वदवून घ्यायचं, ‘मरेपर्यंत थेंबाला शिवणार नाही.’ मरेपर्यंतच्या खाली मी कधी उतरलो नाही. लोक टाळ्या वाजवायचे. मग नव्याचे नऊ दिवस. दहाव्या-बाराव्या दिवशी कुठेतरी एक घोट पोटात जायचा. एकदा शपथ मोडली ती मोडलीच, आता थांबायचं कशासाठी, असं म्हणून पठ्ठ्या महिना-महिना शुद्धीवर यायचा नाही. त्या एका घोटाने त्याचं जेवढं वाटोळं केलं नसेल तेवढं माझ्या मोडलेल्या शपथेने केलं, हे मला आज कळतंय. तेव्हा मी आपला म्हणत बसायचो, पालथ्या घड्यावर पाणी.

स्वतःचं सांगायचं तर दर एक जानेवारीला मीही ठरवतो की रोज पहाटे नेरळपर्यंत चालत जाऊन यायचं. चार तारखेच्या पुढे माझी मजल कधी गेलेली नाही. पण सचिवाला विहारात उभं करून कोण विचारणार?

गेल्या नोव्हेंबरात त्याला कावीळ झाली. पोट फुगलं, डोळे पिवळेजर्द. पनवेलच्या एका दवाखान्यात पाच आठवडे पडून होता. सुट्टी देताना डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, दर्शनाला, बाजूला घेऊन सांगितलं की यकृत अजून सावरेल; पण पुन्हा महिनाभर पीत राहिला तर आमच्या हातात काही राहणार नाही. दर्शनाने हे मला सांगितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते केव्हाच आटलं असावं.

म्हणून या एक जानेवारीला मी कंबर कसून त्याच्या घरी गेलो. तो ओट्यावर बसून चहा पीत होता. सदरा खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबत होता.

“चल रं,” मी म्हटलं, “समदी जमलीत विहारात. शपथ घेऊन टाक.”

“शपथ नको, मामा.”

“मंग काय, पियाचीय?”

“नाय. पन मरेपर्यंतचं नका सांगू. मला आज सातपर्यंतचं जमंल.”

मला वाटलं माझी थट्टा चाललीय. मग त्याने सांगितलं. दवाखान्यात एक समुपदेशक बाई होत्या. त्यांनी विचारलं, न पिता किती वेळ राहता येईल? हा म्हणाला, आयुष्यभर. बाई म्हणाल्या, ते सोडा, खरं सांगा. तेव्हा हा म्हणाला, संध्याकाळी सातपर्यंत. कारण त्याची पहिली बाटली सातला उघडायची. बाई म्हणाल्या, मग रोज तेवढंच ठरवा. आणि सात वाजले की कुठे जायचं तेही आत्ताच ठरवा.

“सातला विहारात येनार,” रत्नदीप म्हणाला. “वंदना झाली की जेवनार, झोपनार. सकाळी उठलो की परत सातपर्यंत.”

आख्खं आयुष्य मागायला गेलेल्या माणसाच्या हातावर त्याने एक दिवस ठेवला! मी तणतणत परत आलो. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं वाटेत दोघा-तिघांना ऐकवलंसुद्धा.

पण तो आला. पहिल्या दिवशी आला, दुसऱ्या दिवशी आला, माझं नेरळपर्यंतचं चालणं बंद पडलं त्या दिवशीही आला. आठवड्याभराने विलास मंडपवाल्याच्या टेंपोवर पुन्हा कामाला लागला, तरी सातला दारात हजर. रिकाम्या पोटी दारू आठवते म्हणून चार वाजता, जिथे असेल तिथे टेंपो थांबवून फडक्यातली भाकरी खायचा. नेरळ स्टेशनच्या रस्त्यावर दारूची तीन दुकानं आहेत, तर टेंपो लावून झाला की लांबच्या वाटेने घरी यायचा. एवढ्या बारीकसारीक गोष्टी, पण त्याने त्या अशा नेटाने धरल्या होत्या की मी मनातल्या मनात चाट पडलो होतो. तोंडाने कबूल केलं नाही, एवढंच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते माझ्यासारख्यांनाच.

फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात आली. रत्नदीपचा आवाज वाडीत सगळ्यांत मोठा. तो वंदनेला असला की पत्र्यात घुमतं. मी पहिलं शील दिलं की त्याचा आवाज, दुसरं दिलं की त्याचा आवाज, तिसरं, चौथं. पाचवं आलं, मद्यापासून दूर राहण्याचं, की तो एकदम गप्प. हात जोडलेले, मान खाली आणि ओठ मिटलेले. रोज. एवढा मोठा आवाज गेला की बाकीच्यांचं म्हणणं उघडं पडायचं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. चोरून पीत असणार, अशी कुजबुज सुरू झाली.

मी त्याला विहाराबाहेर गाठलं. “पाचव्याला तोंड का मिटतोस रं?”

“तुमी त्याचा अर्थ सांगता ना, मामा. दारू पिनार नाय अशी मी शपथ घेतो. नऊ शपथा झाल्या. धावी खोटी नाय घ्यायची मला.”

“आनि बाकीची चार शीलं जमतात वाटतं तुला? खोटं बोलू नये, ते चौथं?”

“ते पाळायचं म्हनूनच पाचव्याला गप ऱ्हातो.”

इतक्या वर्षांत त्या विहारात पंचशील म्हणणाऱ्यांत असा विचार करून गप्प राहणारा मी दुसरा पाहिला नव्हता. मी स्वतःही तसा कधी गप्प राहिलो नव्हतो, आणि राहायला हवं होतं असे प्रसंग माझ्याही खाती कमी नाहीत.

त्यानंतर चार दिवसांनी त्याची मुलगी अपेक्षा माझ्याकडे आली. अकरावीला आहे, पाली विषय घेतलाय. वही उघडून म्हणाली, “आजोबा, प्रत्येक शीलात येतं ते सिक्खापद म्हणजे शपथ नाय. सरांनी सांगितलं, सिक्खापद म्हणजे शिकायचा धडा. मी हा धडा शिकायला घेतो, असं म्हणायचं असतं.”

“तुझ्या सरांचं वय काय गं?” मी विचारलं.

ती हसून गेली. मी मात्र कपाटातलं वंदनेचं जुनं पुस्तक काढलं. पाठ असलेल्या माणसाला पुस्तक लागत नाही, त्यामुळे ते वर्षानुवर्षं उघडलेलं नव्हतं. पानाखाली बारीक अक्षरात अर्थ छापलेला. पाचही शीलांखाली तेच. शिकवण ग्रहण करतो. शपथ हा शब्द कुठेच नव्हता. तो मी घातला होता. कधी घातला तेही आठवेना. बहुधा धडा शिकायला घेतो म्हणण्यापेक्षा शपथ घेतो म्हणणं मला जास्त रुबाबदार वाटलं असावं.

दोन दिवस ते पुस्तक माझ्या उशाशी उघडंच होतं. शेवटी ठरवलं की सगळ्यांसमोर चूक कबूल करायची. सव्वीस जानेवारीला वाडीत कार्यक्रम असतो, गडबड असते, म्हणून सत्तावीस तारखेची संध्याकाळ धरली. भाषणही चांगलं जुळवलं.

त्या दिवशी साडेपाचला विलास मंडपवाल्याचा फोन आला. “मामा, तुमच्या भाच्यानं काय केलंन बघा. भिवपुरीच्या पल्याड फार्महाऊसवर कालच्या पार्टीच्या खुर्च्या भराया गेल्ता. दुपारी टेंपोची चावी माझ्या मानसाच्या हातात दिली नि चालत सुटला. फोन बी बंद हाय.”

पार्टीचं फार्महाऊस, दुपारची वेळ, फोन बंद. मला बाकी काही सांगायची गरज नव्हती. आता महिना जाणार. आणि यावेळी महिन्यानंतर काय, ते डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं होतं. मी दर्शनाला जाऊन सांगितलं. तिने हातातलं भांडं घासून पालथं घातलं, पदर नीट केला आणि म्हणाली, “सातला चला विहारात.”

ती अपेक्षाला घेऊन दार दिसेल अशी बसली. सात वाजले. दार रिकामंच. मी उठून उभा राहिलो. जुळवलेलं भाषण खरंच बरं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच: “तीस वर्षं मी तुमाला चुकीचा अर्थ सांगितला. ही शपथ नाय. शिकायचा धडा हाय. चुकला तर परत शिकायचा. शपथेचं मी माझ्या पदरचं घातलं. त्यानं एका मानसाचं लई नुकसान झालं.” आणि मला रडू आलं. सचिव विहारात रडला, याची वाडीत अजून चर्चा आहे.

तेवढ्यात दर्शना ताडकन उठली.

बाहेर पायरीखाली, चपलांच्या गर्दीत, रत्नदीप उभा होता. विजारीला गुडघ्यापर्यंत धूळ आणि गवताची कुसळं. वास दारापर्यंत येत होता.

“मामा, दुपारी घेतली,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “खुर्च्यांखाली अर्ध्या बाटल्या पडलेल्या. दोन गिलास गेले.”

इतका वेळ साठलेली भीती माझ्या तोंडून रागानेच बाहेर पडली. “मंग आता हितं कशाला आलास?”

“सात वाजले ना.”

त्याने विजारीची कुसळं झटकली.

“पिऊन टेंपो चालवायचा नव्हता, म्हनून चावी दिली नि चालत निघालो. स्टेशनाकडनं आलो असतो तर ती तीन दुकानं. मंग शेतातनं आलो. बारा-तेरा किलोमीटर असंल. उशीर झाला.”

नऊ वेळा हा माणूस एका घोटानंतर महिनाभर बुडाला होता. आज दोन ग्लास पोटात घेऊन तो वाळलेल्या शेतांतून, बांधाबांधाने, सात वाजता पोचायला चालत आला होता. मी आयुष्यात शूर म्हणावी अशी फार माणसं पाहिलेली नाहीत. हा एक पाहिला.

“आत ये,” मी म्हटलं.

त्याने दाराशेजारच्या पाटीकडे बोट केलं. ‘मद्यप्राशन केलेल्यांना विहारात प्रवेश नाही.’ खाली ‘सचिव’. “तुमची पाटी बरोबर हाय, मामा. मी आत येत नाय. पन तुमी आता बोललात ते मी हितनं ऐकलं. धडा असंल तर मला पाचवं म्हनायचंय. हितनं म्हनलं तर चालंल?”

दर्शनाने तांब्याभर पाणी त्याच्यापुढे नेऊन ठेवलं. त्याने चूळ भरली, तोंड धुतलं, पायांवर पाणी घेतलं. ती आत आली नाही, त्याच्याच शेजारी उभी राहिली. मी माझी पुढची जागा सोडली आणि पायरीवर येऊन उभा राहिलो. माझ्या मागे एकेक करत सगळी वाडी दारापाशी आली.

त्याने हात जोडले आणि सवयीने माझ्याकडे बघितलं. मी ओळ द्यायची वाट बघत होता.

“तू म्हन,” मी म्हटलं. “आमी तुझ्या मागनं म्हनतो.”

त्याने पहिलं म्हटलं. दुसरं, तिसरं, चौथं. पाचव्याला तो थांबला. दर्शनाने डोळे मिटून घेतले. मग त्याचा तो मोठा आवाज जरा फाटून आला आणि पहिल्या शब्दापासून ‘सिक्खापदं समादियामि’पर्यंत त्याने एकही अक्षर गाळलं नाही. तीस वर्षं मी या वाडीला पंचशील दिलं होतं. त्या संध्याकाळी ते मी पहिल्यांदा घेतलं, माझ्या भाच्याकडून.