हलक्या मालाची गाडी

"पाटं काढायला आलेलं पहिलंच गिऱ्हाईक तुमी, अक्का," म्हणत बिरप्पा मेस्त्री व्हॅनच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसला. "लोकं वाढवायला येत्यात."

"माझा माल हलका आहे, मामा," शिवलीला म्हणाली.

शिवलीलाचे वडील चनबसप्पा याच व्हॅनमधून चादरींचे गठ्ठे न्यायचे. ओझ्याने गाडी मागून बसू नये म्हणून बिरप्पानेच तेव्हा मागच्या चाकांवरच्या दोन्ही कमानींत, म्हणजे स्प्रिंगांत, एकेक जाड पोलादी पाटा वाढवला होता. वडील गेले, गठ्ठेही गेले. आता मागे असायची तिच्या आईच्या, ईरम्माच्या, हातची कडक भाकरी. कागदासारखी पातळ, गाडी खोक्यांनी भरली तरी वजन नावालाच.

पण पंढरपूर येईपर्यंत निम्म्या भाकरीचा चुरा व्हायचा. मागच्या खेपेला तिथल्या खाणावळीच्या सुकन्याबाईंनी खोकं उघडलं, झाकलं आणि स्वतः उचलून परत गाडीत ठेवलं. "येत्या सोमवारी असंच झालं तर येऊ नका," एवढंच म्हणाल्या. ईरम्माबरोबर भाकरी थापणाऱ्या बायकांचं काम या एकाच गिऱ्हाइकावर चालत होतं.

ईरम्माने खोक्यांखाली जुन्या चादरी घातल्या, भुसा घातला. उपयोग शून्य. मात्र एकदा खोक्यांशेजारी ज्वारीचं पोतं होतं, तेव्हा भाकरी बऱ्यापैकी धड पोचली होती. शिवलीलाने विज्ञान शिकवण्यात बरीच वर्षं घालवली होती. तिचं डोकं त्या पोत्यापाशी अडलं. पोत्याच्या वजनाने पाटे वाकत होते. रिकाम्यासारख्या गाडीत ते वाकतच नव्हते, आणि रस्त्याचा दणका जसाच्या तसा भाकरीपर्यंत जात होता.

"मग पोतंच ठिवा की कायमचं!" हे सगळं ऐकून बिरप्पा हसला.

"आणि पोत्यांनी जागा खाल्ली की भाकरी डोक्यावर नेऊ? काढा तो पाटा."

त्याने कुरकुरत दोन्ही पाटे काढले. शिवलीलाने चार खोकी घेतली आणि होटगीपर्यंत जाऊन आली. दणके गेले होते, पण एका खड्ड्यातून निघालेली गाडी पुढच्या खड्ड्यापर्यंत नाचतच राहायची. खोकी उघडली, तर आत चुराच चुरा.

"म्हनलं न्हवतं?" बिरप्पाने पाना उचलला. "बशिवतो परत."

"नाही बसवायचा." तिने व्हॅनचा मागचा कोपरा दोन्ही हातांनी दाबला आणि सोडला. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. "थांबते का बघा. पाटा धक्का झेलतो, पण उसळी जिरवायची शॉकअपने. ते मेलेत. कमान इतकी कडक होती, की गाडी हलायचीच नाही. मग कळणार कसं?"

बिरप्पा गाडीखाली शिरला. बाहेर आला तेव्हा त्याची बोटं तेलाने काळी झाली होती.

"दोन्ही गळल्यात," तो म्हणाला. "पाट्याच्या नादात मी तिकडं बघितलंच न्हाई."

"मग नवे बसवा. आजच."

"रविवार हाय की, अक्का."

"उद्या सोमवार आहे."

त्याने ओळखीच्या दुकानदाराला घरून उठवून आणलं. नवे शॉकअप बसले. शिवलीलाने कोपरा पुन्हा दाबला. गाडी वर आली आणि तिथेच थांबली.

सोमवारी बिरप्पा न बोलावता शेजारी येऊन बसला. खड्डा दिसला की त्याचाच पाय ब्रेक शोधायचा. "हळू, हळू की!"

"हळू नेऊन काय कळणार?" तिने वेग कमी केला नाही.

खाणावळीच्या दारात सुकन्याबाईंनी वरची खोकी बाजूला सारून मुद्दाम सगळ्यात खालचं ओढलं. भाकरी एकेक करून वर उचलली. एकीची कड उडाली होती. दुसरी अख्खी होती, तिसरीही. त्या खालपर्यंत गेल्या.

शिवलीला हात मागे बांधून उभी होती.

सुकन्याबाईंनी झाकण लावलं. "उतरवा की मग," त्या म्हणाल्या. "बघत काय उभारलाय? गिऱ्हाईक पानावर बसलंय."