वीस किलोंचं खोकं

"पाठीनं नाही, मांड्यांनी उचल!" बाबा दारातल्या स्टुलावरून ओरडले. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी कठड्यावरून वाकून पाहिलं आणि हसू दाबलं. मी खोकं छातीशी धरून जिन्याच्या पायथ्याशी उभी होते. सकाळचे सहा वाजले होते आणि मला माझ्या या सासऱ्यांचा भयंकर राग आला होता.

बारा वर्षं मी तिकीट खिडकीत बसून काढली. खिडकी बंद झाली, तसा पार्सलं पोचवायच्या कामाला अर्ज केला. त्यांची अट एकच: वीस किलोंचं खोकं तीन मजले चढवायचं, मध्ये जमिनीवर टेकवायचं नाही. पहिल्या खेपेला माझं घोडं दुसऱ्या मजल्यावरच अडलं. मुकादम भला माणूस. "सोमवारी परत या, ताई," म्हणाला, "पण ती शेवटची संधी हं."

नवरा म्हणाला, "भाजीची पिशवी जड झाली तर मला फोन करतेस. तू कसली पार्सलं उचलतेस!" ते खरंच होतं. बाबांनी मात्र पेपर खाली ठेवला. "सूनबाई, उद्या सहाला जिन्यात."

बाबा चाळीस वर्षं हमाल होते. एकट्यानं कपाट पाठीवर घेऊन चढायचे म्हणे. आता हात थरथरतात, निम्मा चहा बशीत सांडतो. पण शिकवायला बसले की कुणाचं ऐकत नाहीत. मी सरावाला तांदळाचं पोतं काढलं, तर ते त्यांनी नापास केलं.

"तांदूळ गुणी असतो गं, अंगाला धरून राहतो. लोकांची पार्सलं तशी नसतात."

मग रोज सकाळी दारात एक वाकडंतिकडं भरलेलं खोकं तयार असायचं. इस्त्री, खलबत्ता, लोखंडी तवा, जाडजूड पुस्तकं. चढताना आतलं सामान इकडून तिकडे जायचं आणि त्याबरोबर मीही. सराव संपला की मी आंघोळीला पळायची. परत येईपर्यंत सगळं आपापल्या जागी गेलेलं असायचं. कसं, ते मी कधी विचारलं नाही.

"दमलीस तरी खाली ठेवू नकोस," ते म्हणायचे. "खालून परत उचलण्यातच माणूस संपतो. कंबरेएवढा कट्टा बघ, त्यावर टेकव, दहा श्वास घे आणि चल."

गुरुवारी मला लवकर जाग आली. बाबा स्वयंपाकघरातून दाराकडे निघाले होते. एका हातात खलबत्त्याचा फक्त बत्ता, दुसरा हात भिंतीवर. तो ठेवून ते परत आले आणि खल घेऊन गेले. मग इस्त्री. मग एक पुस्तक. मग दुसरं. मी पांघरूण डोक्यावर ओढलं आणि झोपल्याचं सोंग केलं. रडू आवरेना.

रविवारी शेवटचा सराव झाला. "निकाल लागेपर्यंत खोकं राहू दे दारात," बाबा म्हणाले.

सोमवारी दुसऱ्या मजल्यावर मी दमले. तिथे खिडकीला रुंद कट्टा होता. मी खोकं त्यावर टेकवलं आणि दहा श्वास मोजले. मुकादमानं तोंड उघडलं, हातातला कागद परत एकदा वाचला आणि तोंड मिटलं. तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर त्यानं विचारलं, "कुणी शिकवलं हे?"

"घरात हमाल आहेत," मी म्हटलं.

घरी आले तेव्हा बाबा स्टुलावरच होते.

"झालं?"

"झालं. उद्यापासून या म्हणाले."

"टेकवलंस कुठे?"

"दुसऱ्या मजल्यावर. खिडकीच्या कट्ट्यावर."

त्यांनी मान डोलावली. मग कठड्याला धरून उठले. "चला, हे आता मोकळं करायला हवं."

खोक्यातून इस्त्री काढून ते भिंतीच्या आधारानं स्वयंपाकघराकडे निघाले. ते खोकं मी एका दमात आत नेऊन ठेवलं असतं. हात शिवशिवत होते. मी चपला काढल्या, स्टुलावर बसले, आणि ते तव्यासाठी परत येईपर्यंत थांबले.